गंगेचा वाटा

जयाबाईनं पुस्तक टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. वाचनालयात पेपर वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या, कोण आहे ते पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

"चौकीदाराची बायको!" ती म्हणाली. "हरिदासभाऊ, चौकीदाराच्या बायकोनं खून केला म्हणे!"

ग्रंथपाल हरिदासनं कपाळाला हात लावला. "जयाबाई, मी नेणार होतो ते आज घरी."

"नका नेऊ. तुमचं भलंच करून राह्यली मी. अख्खं पुस्तक धुकं, बंगला अन् बंद खोली. मी वकिलावर डोळा ठेवून, भाच्यावर डोळा ठेवून. अन् शेवटी कोण? जिनं पूर्ण पुस्तकात एक डाव चहा आणून ठेवला, ते बाई. लेखकानं तिले नावबी नाई दिलं. ज्याले नाव नाई त्याच्यावर ढकलून द्याचं. हे लिहिणं झालं का?"

"अन् ते दुसरं?"

दुसरं एका निवृत्त साहेबाचं आत्मचरित्र होतं. ते तिनं आपटलंसुद्धा नाही, दोन बोटांनी सरकवलं. जिल्ह्यात रस्ते यानंच केले, शाळा यानंच काढल्या, पूर आला तेव्हा पाण्यात पहिला पाय याचाच. "पाऊसबी यानंच पाडला असन," ती म्हणाली, "लाजला म्हून लिवला नाई."

जयाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेली. शाळा सातवीपर्यंत, पण वाचनाचं वेड असं की बाजाराच्या दिवशी गावाहून ब्रह्मपुरीला यायचं ते भाजीच्या नावावर आणि थैली भरायची पुस्तकांनी. रहस्यकथा आणि आत्मचरित्रं, दुसरं काही तिला चालत नसे. कादंबरीत माणसं उगाच रडतात, असं तिचं मत. वाचून झालं की पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शेरा मारायची. 'खुनी पहिल्याच प्रकरणात कळतो. पुढचं वाचणं म्हणजे उष्टं खाणं.' किंवा 'लेखकाची आई देवी, बाप देव, बायकोचा पत्ता नाही.' पुस्तकं खराब करते म्हणून कमिटीत तिच्यावर चर्चा झाली होती. पण तोवर सभासद पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडून बघायला लागले होते. कमिटीनं मग मूग गिळले.

हरिदासनं खणातून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर भेगाळलेलं तळं आणि एक उलटी पडलेली डोंगी. 'उपाशी तळं'. खाली तिच्या भावाचं नाव.

"गोपालभाऊचं. तुमच्याकडं तं आलंच असन, पण प्रत चाळून ठेवा म्हटलं. रविवारी त्यांचा सत्कार हाये ना इथी, त्यात पुस्तकावर तुमीच बोलाचं. अध्यक्ष म्हणत होते, बहिणीहून चांगलं कोण बोलन?"

पुस्तक निघून महिने झाले होते. नागपुरात त्याला पुरस्कार मिळाला, रविवारच्या पुरवणीत त्यातला एक भाग आला, हे सगळं तिच्या कानावर होतं. प्रत मात्र आली नव्हती. सख्ख्या बहिणीला भावाचं पुस्तक वाचनालयातून सही करून न्यावं लागत होतं.

"पोस्टात अडकलं असन," जयाबाई म्हणाली आणि पुस्तक थैलीत घातलं.

घरी जाईपर्यंत तिला धीर धरवला नाही. जीपमध्ये मागच्या बाकावर, एका बाजूला लाखोरीच्या डाळीचं पोतं आणि दुसऱ्या बाजूला एक झोपलेली म्हातारी, अशा खोबणीत बसून तिनं पहिलं पान उघडलं. सुरुवात चांगली होती. कबूल करायला तिला काही वाटलं नाही. तळ्याच्या गाळाचा वास, ओल्या जाळ्यानं खांद्यावर पडणारे वळ, बाप लटारू डोंगीत उभा राहून गायचा ते. गोपाल पाच वर्षांचा असताना बाप काविळीनं गेला, त्याचंही साधंच लिहिलं होतं, रडारड न करता. "खरं हाये," ती मधेच मोठ्यानं म्हणाली. म्हातारी दचकून जागी झाली.

मग ते पान आलं.

'त्या उन्हाळ्यात तळं उतरलं आणि मोठं जाळं पडलं. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. काठावर माशांचे वाटे मांडले गेले. इस्तारीनं एकेकाचं नाव पुकारलं. सगळ्या घरांची नावं झाली, आमचं आलं नाही. आईनं पदर पसरला. इस्तारीनं आमच्याकडं पाठ फिरवली. ती पाठ मला आजही दिसते. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. गरिबांतही गरीब असतात, आणि गावाचं काळीज तळ्याहूनही कोरडं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.'

जयाबाईनं ते पुन्हा वाचलं. मग थैलीतून पेन्सिल काढली आणि जीप खड्ड्यातून उडत असतानाच समासात लिहिलं, 'खोटं'. इतकं दाबून, की टोक मोडलं.

इस्तारीनं पाठ फिरवली! अरे, त्याचं कामच ते होतं. जाळ्यातले मासे काठावर आले की सगळ्या ढिवर, म्हणजे मासेमार घरांचे सारखे वाटे पडत. कितीही सारखे म्हटलं तरी एखाद्यात मोठा मासा जायचा, एखाद्यात नुसती चिंगळं. म्हणून एकानं वाट्यांकडं पाठ करून उभं राहायचं. मागून दुसरा कुठल्या तरी वाट्याला काठी लावून विचारणार, 'हा कोणाचा?' आणि पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. त्याला वाटा दिसत नाही, म्हणून भांडण नाही. आणि हे काम गावानं सगळी हयात इस्तारीला दिलं, कारण पुकारताना तो कधी चोरून वळून बघणार नाही, याची खात्री शत्रूलाही होती. त्या माणसाचा जो सगळ्यात मोठा गुण, तोच गोपालनं त्याचा गुन्हा करून छापला होता.

आणि रिकाम्या हातांनी म्हणे! वाटा मिळाला होता. दहा वर्षांच्या जयानं स्वतःच्या हातांनी तो टोपल्यात भरला होता.

जीपमधून उतरून ती घरी गेलीच नाही. तशीच थैली घेऊन ढिवरपुऱ्यात इस्तारीच्या दारी आली. गेल्या आठवड्यात हाच म्हातारा तिला रस्त्यात अडवून म्हणाला होता, 'गोपालनं मले पुस्तकात टाकलं म्हणे! रविवारी येतो मी आयकाले.' सांगताना लहान पोरासारखा हसत होता. आज सकाळी जाताना तिनं पाहिलं होतं, त्याचं धोतर नीळ घालून दोरीवर वाळत होतं.

आता ते दोरीवर नव्हतं. इस्तारी ओसरीत बाजेवर बसून फाटकं जाळं विणत होता आणि त्याची नात दिव्यानी, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकणारी, दाराला टेकून उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"कॉलेजातून आणलं मी पुस्तक," ती जयाबाईला म्हणाली. "आबाचं नाव दिसलं म्हून मोठ्यानं वाचत गेली, मावशी. मले वाटलं चांगलं असन. मंग थांबताच नाई आलं."

जयाबाई बाजेच्या कडेला बसली. म्हाताऱ्यानं सुई थांबवली नाही.

"मी पाठ फिरवली म्हणे," तो म्हणाला.

"काकाजी..."

"फिरवलीच होती ना, बाई. सगळ्याइकडंच फिरवत होतो." त्यानं एक गाठ मारली. "पण वाटा तं भेटला तुमाले. गंगेचा म्हून पुकारला मी. तूच उचलला. मरळ होता त्यात मोठा, सुकलूनं मागून सांगतलं मले."

"मले आठवते, काकाजी. सगळं आठवते."

"लटारूचं नाव कसा घेऊ मी तळ्यावर? साल नोहतं झालं त्याले जाऊन."

तो हे कैफियत मांडल्यासारखं बोलत होता, आणि जयाबाईला तेच सहन होईना. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यभर ज्याच्या शब्दावर गावानं मासे वाटून घेतले, तो तिच्यापुढं साक्ष देत बसला होता.

"रविवारी याचं तुमी," ती म्हणाली.

"नाई, बाई. लोकं बोट दाखवतीन, हाच तो इस्तारी म्हून. या पोरीले कॉलेजात जा लागते."

"म्हूनच याचं. तुमी घरात बसले तं ते खरं होते. धोतर काढ गं दिव्यानी, पेटीतून. तुमी नाई आले तं मीबी जात नाई, अन् सत्कार गेला चुलीत."

म्हाताऱ्यानं जाळ्याला पुढची गाठ मारली. जयाबाई थैली उचलून तळ्याकडं निघाली.

गावात रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर येते. ऊन कलत होतं. तळ्यात शिंगाड्याची वेल पसरलेली आणि पलीकडं एक बगळा. जयाबाईनं पाळीवर चढून फोन लावला.

"ताई!" गोपालचा आवाज खुशीत होता. लहानपणी तो तिला बाई म्हणायचा. ताई म्हणणं नागपूरला गेल्यावर आलं. "वाचलंस का? कसं वाटलं?"

"इस्तारी काकाजीनं तुहं काय बिघडवलं होतं?"

"अगं, तो भाग तर लोकांना सगळ्यात जास्त आवडलाय. पुरवणीत तोच आला."

"आवडला म्हणजे खरा होते का? माणूस जिवंत हाये, गोपाल. त्याच्या नातीनं त्याले वाचून दाखवलं. धोतर पेटीत टाकलं त्यानं."

"ताई, हे आत्मचरित्र आहे. मला जे आठवतं ते मी लिहिलं. ते माझं सत्य आहे."

"तुहं सत्य? सत्य काय बनियन हाये का, ज्याचं त्याले?" पाळीवरून जाणारा एक गुराखी थांबून बघायला लागला. तिनं हातानं त्याला हाकललं. "चोराच्या पुस्तकातला फौजदारबी चार घरं फिरून इचारते. तुले एक फोन करता नाई आला मले? मी का मेली होती? वाटा भेटला होता आपल्याले. म्या टोपल्यात भरला. मरळ होता त्यात. त्याच मरळाचं कालवण खाऊन झोपला तू, अन् आता लिवते, रिकाम्या हातानं!"

"मी जेवलो नव्हतो."

"काय?"

"मी त्या दिवशी जेवलो नव्हतो, ताई." त्याच्या आवाजातली खुशी गेली होती. "मी तिथं उभा होतो. सुकलूचा, लच्छूचा, कवडूचा, सगळ्यांच्या बापांची नावं आली. मला वाटलं, आता आपल्या बाबांचं येईल. आता येईल. आलंच नाही. मी पळत घरी आलो. तुम्ही दोघी नंतर आलात, टोपल्यात मासे होते. मला वाटलं आईनं मागून आणले. मी भिंतीकडं तोंड करून झोपलो."

भिंतीकडं तोंड करून झोपलेला गोपाल जयाबाईला आठवला. मायनं दोनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. ताप नाही म्हणाली होती. मग त्याची ताटली जयानंच संपवली होती.

ती पाळीवरच बसली. गेलेल्या माणसाचं नाव वर्ष होईपर्यंत तळ्यावर घ्यायचं नाही, ही गावची रीत. पाण्याला नाव ऐकू गेलं तर माणूस अर्ध्या वाटेवरून मागं फिरतो, मग ना तो इकडचा ना तिकडचा. म्हणून त्याच्या घरचा वाटा त्या वर्षी गंगेच्या नावानं पुकारायचा, आणि तो सगळ्यात शेवटी. शेवटचा वाटा पुकारला तेव्हा गोपाल काठावर नव्हताच. पुढचं जाळं पडायच्या आत मामा त्याला चंद्रपूरला शाळेत घेऊन गेला. पुढच्या सालापासून 'रुखमाबाईचा' म्हणून मायच्या नावानं वाटा पुकारला जाऊ लागला, तोही त्यानं कधी ऐकला नाही. पाच वर्षांच्या पोरानं अर्धीच गोष्ट ऐकली, आणि साठीला येईतो छातीशी धरून ठेवली.

जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकातले खुनी ओळखत बसले, तिच्या मनात आलं, आणि घरातलं पोर जेवलं का नाही, हे नाही ओळखलं. राग गेला नव्हता. पण आता तो कुठं ठेवावा, ते कळेना.

"अन् पदर?" ती हळू आवाजात म्हणाली. "तू पळाला घरी. मंग मायनं पदर पसरला, हे कोणं पाह्यलं?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

"ते... ते लिहिताना आलं, ताई."

"लिवताना आलं?" राग पुन्हा जागेवर आला. "आपल्या मायनं? जिच्या शिव्या ह्या पाळीवरून त्या पाळीवर जात होत्या, तिनं कोणापुढं पदर पसरला? ताप आल्यावानी येते का रे खोटं? तू लेकरू होता, तुले कळलं नाई, ते मी समजली. पण पदर तं तू म्हातारपणी पसरवला. मेल्यावर तिले भिकारीण केली."

"ताई, ऐक. पुरस्कार मिळालाय, छापून झालंय. रविवारी तिथं हा विषय काढू नकोस. पुढच्या आवृत्तीत बघू काय ते."

"पुढच्या आवृत्तीपर्यंत जगन का काकाजी?"

"ताई, प्लीज. चारचौघांत नको."

गंगेच्या वाट्याचं तिच्या ओठावर आलं होतं. आता एक वाक्य बोलली असती तर त्याचा सगळ्या जन्माचा काटा निघाला असता. तिनं ते गिळलं. चारचौघांत ज्यानं बोट दाखवलं, त्यानं चारचौघांतच ऐकावं. तिनं फोन ठेवला.

रविवारी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मंचावर अध्यक्ष, गोपाल आणि कॉलेजचे एक प्राध्यापक. त्यांच्यापुढं लांब टेबल, त्यावर पांढरी चादर आणि पाहुण्यांना भेट द्यायला म्हणून हरिदासनं 'उपाशी तळं'च्या प्रतींचे छोटे छोटे ढीग लावून ठेवलेले. प्रत्येक ढिगावर एक झेंडू. माईक टेबलाच्या पुढं, मंचाच्या कडेला.

गोपालनं खाली येऊन बहिणीच्या पायाला हात लावला. उठताना तिच्या कानाशी म्हणाला, "तू रागावलीस, मला माहीत आहे. पण आज नको." गावचे लोक येऊन बसत होते. लच्छू गेला, पण त्याचा मुलगा आला होता. कवडूची सून होती. इस्तारी मात्र दिसत नव्हता, आणि प्राध्यापक बोलत असताना जयाबाई पुन्हा पुन्हा मागं वळून दाराकडं बघत होती.

प्राध्यापकांनी नेमकं तेच पान वाचून दाखवलं. आवाज चढवून, योग्य जागी थांबून. 'ती पाठ मला आजही दिसते.' पुढच्या रांगेत एका बाईनं डोळ्याला रुमाल लावला. मागच्या रांगांत मात्र खुर्च्या करकरल्या, कोणीतरी मुद्दाम खाकरलं. त्याच वेळी दारातून निळीचं धोतर आत आलं. दिव्यानीनं हात धरला होता. शेवटच्या रांगेतल्या एकानं उठून जागा दिली, आणि इस्तारी टोपी मांडीवर ठेवून बसला.

अध्यक्षांनी जयाबाईचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी पुस्तकांच्या शेवटच्या पानावर काय लिहिते, ते तुम्हाला माहीत आहे. आज तोंडानं सांगते." लोक हसले. "रहस्यकथा मला आवडते, कारण तिच्यात शेवटी तरी कोणीतरी कोणाला विचारतं, की बाबा, तू त्या दिवशी कुठं होतास? आत्मचरित्रात कोणी विचारत नाही. तिथं फौजदार तोच, साक्षीदार तोच, आणि निकाल देणारा न्यायाधीशही तोच. ज्याच्यावर आरोप, त्याला बोलवायची पद्धतच नाही."

हशा हळूहळू थांबला. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं.

"माझ्या भावानं चांगलं लिहिलंय. तळ्याचा वास खरा आहे. बाप खरा आहे. पण आमच्या मायनं पदर पसरला, हे साफ खोटं आहे. रुखमाबाईले ओळखणारे इथी बसून हायेत." पुस्तकी भाषा तिच्या हातून सुटली आणि तिनं ती परत धरली नाही. "तिनं पदर खोचलेला पाह्यला सगळ्याइनं. पसरलेला कोणं पाह्यला असन तं हात वर करा."

हात वर झाला नाही. मागून कोणीतरी हसलं, "खोचूनच येत होती माय आमच्या दारी!"

"आता वाट्याचं. साक्षीदार पाच सालाचा होता. तो खोटं नाई बोलला. त्यानं आयकलं तेवढं खरं आयकलं. पण शेवटपर्यंत थांबला नाई तो, पळून गेला. अन् आमीबी त्याले कधी इचारलं नाई, काऊन जेवला नाई रे तू." तिनं पुढच्या रांगेकडं पाहिलं. "तुमच्यातल्या शहरच्या लोकाइले माहीत नसन. नव्यानं गेलेल्या माणसाचं नाव आमी सालभर तळ्यावर घेत नाई. त्याच्या घरचा वाटा गंगेच्या नावानं असते, सगळ्याइच्या शेवटी. अन् पुकारणारा पाठ करून उभा राह्यते, कारण त्याचं मन चळू नये. पाठ फिरवणं म्हणजे काय, ते आता आयका."

तिनं माईक बाजूला केला. त्याची तिला गरज नव्हती. माईकसमोर उभं राहिल्यावर टेबल, पुस्तकांचे ढीग आणि मंच आपोआप तिच्या पाठीशी आले होते. तिनं पदर कमरेला खोचला, मान ताठ केली आणि तळ्याच्या काठावर घालतात तशी हाळी घातली.

"सुकलूचा!"

प्राध्यापकांनी खुर्चीतल्या खुर्चीत चुळबूळ केली.

"लच्छूचा!"

"उचलला," मागून एक आवाज आला. लच्छूचा मुलगा होता. आपण बोललो याचंच त्याला नवल वाटल्यासारखा तो इकडं तिकडं बघत होता.

"कवडूचा!"

"उचलला," कवडूच्या सुनेनं पदर सावरत म्हटलं.

"डोमाचा!"

"उचलला."

"बकारामचा!"

"उचलला!" आता दोघं-तिघं एकदम म्हणाले.

"इस्तारीचा!"

म्हाताऱ्याच्या वतीनं दिव्यानीनं उत्तर दिलं, मोठ्यानं, सगळ्या कॉलेजाला ऐकू जावं अशा आवाजात.

जयाबाई थांबली. सगळ्या घरांची नावं झाली होती. इथवरच ऐकून एक पोर उन्हातून घराकडं पळालं होतं. छातीत कोंडलेला सगळा संताप तिनं श्वासात ओढून घेतला. पण आवाज निघाला तो मात्र वेगळाच.

"गंगेचा."

कोणीच उत्तर दिलं नाही. देणारं दुसरं कोणी नव्हतंच. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग तिच्या पाठीमागं, मंचावर, एक खुर्ची सरकली.

पुकारणाऱ्यानं वळून बघायचं नसतं. जयाबाई वळली नाही. ती समोर, शेवटच्या रांगेत बघत राहिली. तिथं इस्तारी दिव्यानीच्या खांद्याला धरून उभा राहिला होता आणि जयाबाईच्या पलीकडं मंचावर कोणाला तरी बघून, लहान लेकराला सांगतात तसा हात हलवून सांगत होता,

"उचल, बापा, उचल. तुहाच हाये तो."